करंजाखालची फक्की

आमच्याकडे वाहतूक पोलिसाला सगळे मामा म्हणतात. माझ्या सख्ख्या भाच्यांनी आयुष्यभरात जितक्या वेळा मला मामा म्हटलं नसेल, तितक्या वेळा हेल्मेट विसरलेल्या लोकांनी एका उन्हाळ्यात म्हटलं असेल. "मामा, घर इथंच आहे." "मामा, आजच विसरलो हो." मी कधी सोडायचो, कधी नाही. ते माझ्या डोक्यावर अवलंबून असायचं, आणि माझं डोकं चटकन तापतं हे पंचवटीतल्या निम्म्या रिक्षावाल्यांना ठाऊक आहे.

आता मी निवृत्त आहे. सकाळी निवांत चहा पितो, पेपर शेवटच्या पानापासून वाचतो, आणि बायको म्हणते की घरातही मी हात दाखवूनच सगळ्यांना थांबवतो. मला सांगायचं आहे ते नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्याबद्दल. त्या उन्हाळ्यात मी एक लबाडी केली, ती माझ्याच अंगाशी आली, आणि तरीही तो उन्हाळा आठवला की मला हसू येतं.

माझा चौक पंचवटीतला. एक रस्ता मार्केट यार्डाकडून येतो, एक गोदाघाटाकडे उतरतो, एक पुलावरून शहरात जातो आणि एक पेठ नाक्याच्या अंगाला. सकाळी भाजीचे टेम्पो, मग शाळेच्या व्हॅन, मग परगावचे भाविक. भाविकांची एक रीत आहे. ते चौकाच्या बरोबर मधोमध गाडी थांबवतात, काच खाली करतात आणि त्र्यंबकेश्वर कुठं म्हणून विचारतात. मागून पन्नास हॉर्न वाजत असतात, त्यांना पत्ता नसतो. मी हात करून वाट दाखवायचो आणि ते देवाला निघालेत म्हणून पुढचे शब्द गिळायचो.

मार्केट यार्डाकडून येणाऱ्या रस्त्यावर, सिग्नलच्या पांढऱ्या रेघेपासून चाळीसेक पावलं मागे, डाव्या कडेला एक करंज आहे. मी पहिल्यांदा या चौकात आलो तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता आणि एका शेळीनं त्याला अर्धा खाल्ला होता. मोडक्या बॅरिकेडचे दोन तुकडे तारेनं बांधून मी त्याला कुंपण केलं. ड्युटी संपली की बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायचो. मग बदली झाली. परत आलो तेव्हा तो माझ्या उंचीला लागला होता. पुन्हा बदली, पुन्हा हाच चौक, आणि तोवर त्याच्या सावलीत एक रिक्षा मावत होती. शेवटच्या खेपेला आलो तेव्हा त्याची सावली दुपारी अर्धा रस्ता व्यापायची. लोकांना वाटायचं, झाड सरकारी आहे. पण ते माझं होतं, आणि त्याच्यावर माझा जीव होता. खाकी पँट घालून असं सांगत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो.

सिंहस्थ जवळ आला की आमचं शहर आधी सगळं उकरलं जातं आणि मग त्यात काही काही नवं बसतं. आमच्या चौकाच्या वाट्याला नवा सिग्नल आला. जुना सिग्नल साधा होता. साठ सेकंद म्हणजे साठ सेकंद, समोर गाडी असो नसो. नवा म्हणे स्वतः बघून ठरवणार होता.

तो बसवणाऱ्या कंपनीची इंजिनियर एक पोरगी होती. राहायला एकलहऱ्याची, वडील तिथल्या वीज केंद्रात. डोक्याला स्कार्फ, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि कपाळावर कायम एक आठी. तिनं मला रस्त्याच्या कडेला उभं करून सगळं समजावलं. खांबावर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या चित्रात रेघेच्या लगेच मागे तिनं एक चौकट आखलेली. त्या चौकटीत किती गाड्या उभ्या आहेत ते यंत्र मोजतं. जास्त गाड्या असल्या तर हिरवा जास्त वेळ, कमी असल्या तर कमी वेळ. चौकट रिकामी असली तर त्या रस्त्याची पाळी गाळून पुढच्याला सोडायचं.

"म्हणजे मामा, रिकाम्या रस्त्याला उगाच हिरवा मिळत नाही," ती म्हणाली.

"हेच मी वीस वर्षं हातानं करतोय, मॅडम."

"हो, पण तुम्ही मध्ये जेवायला जाता."

ती काही टोचून बोलली नव्हती. तिच्या लेखी ती यंत्राची आणि माझी सरळ तुलना होती. पण मला ते लागलं. त्या दिवशी मी डबा उभ्या उभ्या खाल्ला, चौकावरची नजर न काढता, आणि पोळीचा घास घशात अडकून खोकत बसलो.

सिग्नल सुरू झाला आणि सकाळच्या वेळी तो खरंच छान चालला, हे मला कबूल केलं पाहिजे. टेम्पोंची रांग लागली की तो त्यांना भराभर सोडायचा. घाटाकडचा रस्ता मोकळा दिसला की त्याला ओलांडून पुढे जायचा. मी कडेला शिट्टी तोंडात धरून उभा. वाजवायचं कारणच उरलं नाही. निवृत्तीला तीन महिने उरलेले आणि आपण गेलो काय, राहिलो काय, चौकाला फरक पडणार नाही, असं सारखं वाटायला लागलं.

दुपारी बारानंतर मात्र यंत्र बावचळायचं. मार्केट यार्डाकडचा रस्ता लाल, बाकीचे तीन रस्ते दोनदा फिरून आले तरी लालच. बऱ्याच वेळानं त्याला दया यायची आणि ते नावापुरते पाच-सात सेकंद हिरवा द्यायचं. तेवढ्यात पहिला स्कूटरवाला रेघेपर्यंत पोचायचा की पुन्हा लाल. मग हॉर्न, शिव्या आणि मामांच्या नावानं हाका.

कारण मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यात कळण्यासारखं फार नव्हतंच. नाशकात एप्रिलच्या दुपारी रेघेवर उभं कोण राहतं? लांबून लाल दिसला की माणूस आधी सावली शोधतो. तो करंजाखाली थांबतो, त्याच्या मागचा त्याला चिकटून थांबतो, तीन-चार रांगा होतात, आणि झाडापासून रेघेपर्यंतचा चाळीस पावलांचा डांबरी रस्ता रिकामा तापत पडतो. यंत्राची चौकट नेमकी त्या रिकाम्या रस्त्यावर. त्याला वाटायचं, या रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि मी गप्प बसलो. सिग्नलच्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती. पेटी उघडायची, यंत्र बंद करायचं आणि शिट्टी घेऊन मधोमध उभं राहायचं. बारा ते पाच चौक पुन्हा माझा. पेठकडून भाजी आणणारा एक टेम्पोवाला रोज जाताना ओरडायचा, "मामा हाय म्हनून बरं हाय! त्या डब्याला काय कळतंय?" मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. तीन आठवडे मी त्या गुदगुल्यांवर काढले.

ती पोरगी बिचारी रोज दुपारी यायची. केबल तपासायची, खांबावर माणूस चढवायची, लॅपटॉप स्कार्फखाली धरून डोळे बारीक करून बघायची. एकदा तिनं मला सरळ विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं इथं आहात. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतं मॅडम," मी म्हणालो. "मी जेवायला जाणारा माणूस."

तिनं मान डोलावली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. माझा टोमणा तिला कळलाच नाही.

मग एका सोमवारी सकाळी ड्युटीवर आलो तर करंजाच्या बुंध्याला कागद चिकटवलेला. हे झाड वाहतूक यंत्रणेला अडथळा ठरत असल्याने तोडण्याचे योजले आहे, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मी तो कागद तीनदा वाचला. त्या जागी, बुंध्यावर, अजून तारेचा जुना वळ होता, मीच बांधलेल्या कुंपणाचा. 

ती अकराला आली. मी विचारलं तर तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. चित्रात खाली रिकामा रस्ता आणि वरच्या बाजूला सगळा हिरवा पाला. "गाड्या या पानांच्या आड आहेत, मामा. कॅमेऱ्याला दिसत नाहीत. दुसरं काही कारण सापडेना, मग मी तसं लिहून दिलं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी ते महापालिकेकडे पाठवलं. मलाही वाईट वाटतंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तीन आठवडे ठाऊक होतं हेही सांगायचं. मी नुसता शिट्टी पुसत राहिलो. दुपारी पेटी उघडून चौकात उभा राहिलो, पण गुदगुल्या काही झाल्या नाहीत. त्याच झाडाखाली लोक थांबले होते आणि त्यांना काही पत्ता नव्हता.

घरी जेवायला बसलो तर वांग्याची भाजी ताटात तशीच राहिली. वांग्याची भाजी मी कधी टाकत नाही. बायको समोर बसली आणि म्हणाली, "बोला." मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे झाड तुम्हीच तोडायला काढलंत," ती म्हणाली.

"मी कसं? त्या कंपनीनं..."

"त्या पोरीला खरं कारण कुणी सांगितलं नाही, म्हणून तिनं खोटं कारण शोधलं. खरं कारण कुणाच्या खिशात होतं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईपुढं मी कधी वादात टिकलेलो नाही. ती उठली, मुलीच्या जुन्या वहीतून दोन पानं फाडून आणली आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसली. मी नोकरीत, माझं नाव त्यावर नको, म्हणून तिच्या नावानं. तिचं अक्षर टपोरं आहे. अर्जात तिनं लिहिलं की मी या चौकातून भाजीला जाते, या झाडाखाली मी स्वतः थांबते, आणि हे झाड माझ्या नवऱ्यानं शेळीपासून वाचवलेलं आहे. शेवटचं वाक्य खोड म्हटलं तर ऐकेना.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीची वाट बघत उभा होतो. ती आल्या आल्या सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. लोक सावलीत थांबतात, मला पहिल्यापासून ठाऊक आहे, मी मुद्दाम बोललो नाही, चुकलं माझं.

ती बघतच राहिली. मग तिच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. "तीन आठवडे, मामा? तीन आठवडे मी या उन्हात केबल चाचपतेय! साहेबांची बोलणी खातेय! आणि तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"का असं?"

"राग आला होता. तुम्ही म्हणालात, तुम्ही जेवायला जाता."

तिला ते वाक्य आठवायलाच वेळ लागला. आठवल्यावर ती आधी चिडली आणि मग, का कोण जाणे, हसायला लागली. इतकी हसली की स्कार्फ सुटला. मला वाटलं, सुटलो. पण ती इंजिनियर होती. हसू आवरून म्हणाली, "तरीही मामा, झाड काढलं तर कॅमेऱ्याला दिसेल ना?"

"झाड काढलंत तर सावलीही गेली. मग कोण थांबेल तिथं? मागं बघा." मी तिला झाडाच्याही मागे असलेली जाहिरातीची मोठी पाटी दाखवली. "सगळे तिच्या सावलीत जातील. मग तुम्ही पाटी काढाल. मग ते त्या दुकानांच्या छपराला टेकतील. मॅडम, असं करत करत तुम्ही मार्केट यार्डापर्यंत जाल. आणि पानांचाच दोष असता तर संध्याकाळी काय होतं? ऊन उतरलं की हे सगळे रेघेवर येऊन उभे राहतात. झाड तेच, पानं तीच, आणि तुमचं यंत्र एकदम शहाणं."

तिनं लॅपटॉपवर आदल्या संध्याकाळचे आकडे काढून बघितले. मग म्हणाली, "मला पटलं. साहेबांना नाही पटणार. ते शनिवारी येणार आहेत. त्यांना दिसेल असं काहीतरी हवं."

रात्रभर डोकं खाजवलं नाही, मला ते तिथंच सुचलं. उमेदीच्या काळात कवायतीच्या मैदानावर फक्की टाकायचं काम माझ्याकडे असायचं. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिनं मैदानावर रेघा मारतात. माझी रेघ सरळ असते, हे मी नम्रपणे सांगतो. शुक्रवारी मी फक्कीची एक गोणी आणि बुडाला भोकं पाडलेला तेलाचा डबा घेऊन चौकात आलो. बारा वाजता, लाल असताना, करंजाच्या सावलीच्या कडेकडेनं मी फक्कीची रेघ ओढली. एक वाजता पुन्हा. दोनला पुन्हा. रस्ता तिथं तिरका आहे, त्यामुळे सावली आडवी सरकते तशी थोडी मागेही सरकते. प्रत्येक आकारात मी तास लिहिला. ती कडेला स्टुलावर बसून दर फेरीला दोन आकडे टिपायची, माझ्या आकारात किती गाड्या आणि तिच्या चौकटीत किती. तिच्या बाजूचं पान शून्यांनी भरत चाललं.

आता गंमत अशी झाली की लोकांना वाटलं, हा नवा नियम आहे. ज्या माणसांना पांढऱ्या रेघेच्या आत थांबवायला मी वीस वर्षं घसा फोडला, ती माणसं फक्कीच्या रेघेच्या आत चाक आणून अगदी बेतानं थांबायला लागली. एकाचं पुढचं चाक रेघेवर आलं तर त्यानं पायानं गाडी मागे घेतली. माझा विश्वास बसेना. एकानं विचारलं, आज मॅच आहे का. एक बाई दोनच्या आकारात साडेतीनला थांबल्या होत्या. सावली केव्हाच निघून गेली होती आणि त्या भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या. मी म्हटलं, ताई, इकडं सावलीत या. त्या म्हणाल्या, "रेघ इथं आहे ना."

पेठचा टेम्पोवाला आला तेव्हा त्यानं डोकं बाहेर काढलं. "मामा, ह्यो नवा स्टॉप हाय का?"

"नाही रे. लोक कुठं थांबतात ते आखलंय."

"मंग आधीच का नाय आखलं? लय भारी हाय. उन्हात रेघंवर कोन उभं ऱ्हातंय?"

ती पोरगी स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

शनिवार उजाडला. चाकांनी पुसट झालेल्या फक्कीच्या रेघा मी सकाळीच पुन्हा गिरवल्या. हरकतीची मुदत सोमवारी संपणार होती आणि साहेबांनी हो म्हटलं नाही तर आमच्या दोन पानी अर्जावर कोण किती भरवसा ठेवणार, हे मला माहीत होतं. मी सकाळपासून पाणीसुद्धा नीट प्यायलो नाही. साहेब दोनला येणार होते. आम्ही दोघं चौकाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून उभे राहिलो. ती शुक्रवारचे आकडे कसे मांडायचे ते पुटपुटत होती. यंत्र चालू ठेवलं होतं, मी पेटीला हात लावायचा नाही असं ठरलेलं.

दोन वाजले, सव्वादोन झाले. साहेबांचा पत्ता नाही. मग तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"अगं, कुठं आहेस? हा आपला सिग्नल पडतच नाहीये. मी केव्हाचा अडकलोय. चार वेळा समोरचे गेले, आमचा लालच!"

"सर, तुम्ही कुठल्या रस्त्यावर आहात?"

"मार्केट यार्डाकडून येतोय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "सर, तुमची गाडी नेमकी कुठं उभी आहे?"

"कुठं म्हणजे? ड्रायव्हरनं इथं जरा झाडाखाली..."

फोनमधला आवाज थांबला. आम्ही मान वळवली. करंजाच्या गर्द सावलीत, दोन वाजताच्या फक्कीच्या आकारात, अगदी रेघेच्या आत बेतानं, एक पांढरी गाडी उभी होती. तिची मागची काच हळूहळू खाली आली. एक चष्मा बाहेर आला. त्यानं आधी वर झाडाकडे पाहिलं, मग खाली फक्कीकडे, मग लांबवर रिकाम्या पडलेल्या चाळीस पावलांच्या रस्त्याकडे. लॅपटॉपवर तिच्या चौकटीत शून्य होतं.

मला तेव्हा जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही. मी युनिफॉर्ममध्ये, भर चौकात, टाळी वाजवली. मागच्या स्कूटरवाल्याला वाटलं, मी त्याला जायला सांगतोय.

साहेब माणूस भला निघाला. गाडीतून उतरून तो सगळे आकार फिरून बघून आला, बुटांना फक्की लागली तरी. ड्रायव्हरला विचारलं, तू इथं का थांबलास? ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ऊन आहे ना." एवढंच. तिनं आकड्यांचा कागद पुढे केला, पण तो बघायची गरज राहिली नव्हती. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर कमी उंचीचा एक खांब लावायचा, त्यावर दुसरा कॅमेरा, जो पानांच्या खालून आडवा बघेल, आणि त्याची चौकट माझ्या फक्कीच्या आकारांवर बेतायची, असं तिथंच उभ्या उभ्या ठरलं. "आणि झाड?" मी विचारलं. "झाडाला कशाला हात लावायचा?" साहेब म्हणाला, जणू कागद दुसऱ्याच कुणी लावला होता.  साहेबांनी आपलं म्हणणं लेखी मागे घेतल्यावर बुंध्यावरचा कागद निघाला. बायको अजून सांगते की झाड तिच्या अर्जामुळे वाचलं, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही.

दुसरा कॅमेरा लागला त्या दुपारी ती पोरगी आणि मी करंजाखालीच उभे होतो. एक स्कूटर येऊन थांबली. तिच्या मागे दुसरी, मग एक रिक्षा. रिकामी चाळीस पावलं पुढे तापत पडलेली. थोड्याच वेळात हिरवा पडला, आणि चांगला ऐसपैस पडला. पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. ती काढावीशी वाटली नाही, आणि याचं मला वाईटही वाटलं नाही.

"मामा, आता काय करणार?" तिनं विचारलं.

"जेवायला जाणार," मी म्हणालो. आणि गेलो. पाय पसरून, चांगला अर्धा तास लावून जेवलो.

पुढं मी निवृत्त झालो. नारळ मिळाला, शाल मिळाली, भाषणं झाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि नाशिकची थंडी पडली. आमची थंडी बाहेरच्या लोकांना खरी वाटत नाही, पण डिसेंबरातल्या सकाळी स्कूटरवर बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबताना दाताखाली जीभ येते. अशा एका सकाळी बायकोला मागे बसवून मी मार्केट यार्डाकडून चौकाकडे येत होतो. सिग्नल लाल दिसला आणि मी थांबलो.

एक फेरी झाली. दुसरी झाली. आमचा लालच. "आज काय झालंय तुमच्या यंत्राला?" बायको मागून म्हणाली. मी आजूबाजूला बघितलं. दहा-बारा गाड्या. सगळ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, चेहरे सुखी. उजव्या हाताच्या दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा रस्त्यावर पडला होता आणि आम्ही सगळे त्या पट्ट्यात उभे होतो. मीसुद्धा. नकळत. करंजाच्याही कितीतरी मागे. रेघेवर इमारतीची गार सावली, करंजापाशी गार सावली, आणि दोन्ही कॅमेऱ्यांसमोर चिटपाखरू नाही.

मी तिथंच फोन काढला. "मॅडम, आता ऊन," मी म्हणालो.

"काय?"

"लोक आता उन्हात थांबताहेत. सावलीत कोणी जात नाही."

 पलीकडून ते उन्हाळ्यातलं हसू ऐकू आलं. "मामा, खरं सांगा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ता. दोन मिनिटं झाली असतील."

"फक्की उरलीये का घरात?"

"अर्धी गोणी आहे."

"मग उद्या सकाळी आठला येते. घेऊन या."

फोन ठेवला तरी सिग्नल लालच होता. मी स्कूटर पुढे काढली, हात वर केला आणि सवयीच्या आवाजात ओरडलो, "चला, सगळे पुढं! करंजाखाली चला!"

"मामा, तिथं थंडी आहे हो," एक जण म्हणाला.

"दोन मिनिटं कुडकुडा. चला."

आले सगळे. कुरकुरत, हात काखेत खुपसत, ऊन सोडून आले आणि करंजाखाली दाटीनं उभे राहिले. वरून गार वारा आला. बायकोनं शाल गच्च ओढली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"या वेळी लगेच बोललात," ती म्हणाली.

यंत्राला आम्ही दिसलो असणार. हिरवा पडला आणि आम्ही सगळे निघालो.